प्रेशर वॉशर पावसाळ्यात बंद ठेवताना: दोन वर्षांच्या वापरानंतर

दोन दिवाळ्यांपूर्वी 1800 वॅटचा, विजेवर चालणारा प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेनं धुणारं मशीन, घेतला. घरची कार, दोन दुचाकी आणि गावाकडचा ट्रॅक्टर एवढं धुणं. कामाला मशीन चोख आहे. मडगार्डखाली वाळून बसलेली काळी माती खरवडण्यात पूर्वी तास जायचा, आता पंधरा मिनिटांत निघते. आवाज मात्र मोठा आहे.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. कोल्हापूरच्या पावसात मशीन चार महिने पडून असतं. पहिल्या वर्षी मी ते पोत्यानं झाकून कोपऱ्यात ठेवलं. ऑक्टोबरमध्ये बटण दाबलं तर नुसतं हुंऽऽ करून थांबलं. दुरुस्तीला उद्यमनगर या औद्योगिक भागात नेलं. मिस्त्रींनी पंप खोलून बारका व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला. स्प्रिंगवर चुन्यासारखा पांढरा थर, रबरी रिंग चिकटून कडक झालेली. "आत पाणी तसंच ठेवलासा व्हय?" एवढंच ते म्हणाले.

माहितीपुस्तकात गोठणाऱ्या थंडीपासून जपा असं लिहिलं होतं. बर्फ होताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि पंप तडकतो. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही म्हणून मी ते पान सोडून दिलं, हीच चूक. आमचं बोअरचं पाणी जड. ते आत सुकलं की क्षार तिथंच बसतात. थंडी असो वा नसो, पाणी काढायलाच हवं.

यंदा मे अखेरीस नीट केलं. आधी साबणाच्या नळीतून साधं पाणी सोडलं. मग मशीन आणि नळ बंद करून गनचा (धार सोडणाऱ्या पिस्तुलाचा) खटका दाबून दाब उतरवला. नळाकडून येणारा पाइप सोडवला, खटका दाबूनच मशीन काही सेकंद चालवलं. गनमधून फुत्-फुत् करत उरलेलं पाणी आलं की लगेच बंद. कोरडा पंप जास्त चालवला तर सील जळतात. जाळीचा फिल्टर जुन्या टूथब्रशनं घासला, रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, काही रबर त्यानं फुगतं. पाइप मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून सगळं माळ्यावर ठेवलं, उंदरांपासून लांब.

परवा काढलं. मशीन चालू करण्याआधी नळ सोडून खटका दाबून धरला, हवा निघून धार सलग झाली, मग बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात सुरू झालं.