होस्टा की ओक? सावलीच्या जागेसाठी माझं मत होस्टाला
बागेत दोन्ही आहेत म्हणून सांगते, सावलीचा कोपरा असेल तर सरळ होस्टा (पानांच्या शोभेसाठी लावतात ते छोटं रोप) घ्या, पानं काय सुरेख येतात, निळसर, पोपटी, पांढऱ्या काठाची! थंडीत वरचं सगळं वाळतं पण टेन्शन नको, मुळं जिवंत असतात, वसंतात परत कोंब येतात. गोगलगायी मात्र पानांची चाळण करतात, रात्री टॉर्च घेऊन वेचाव्याच लागतात. आणि कुत्रा-मांजर असेल तर जपा, त्यांना विषारी आहे हे.

ओकला भरपूर ऊन हवं, जागा तर प्रचंड, बऱ्याच जाती 20 मीटरच्या वर जातात, त्यामुळे घराला खेटून अजिबात नको. पण पक्षी, खारी, किडे यांच्यासाठी फारच भारी झाड, मोठी जागा असेल तर लावाच.