साठा की अनेक पुरवठादार?

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीला प्रश्न पडला आहे: आयातीवर जगणाऱ्या छोट्या देशाने युद्ध आणि निर्बंधांच्या धास्तीने धान्य साठवावे, की अनेक देशांकडून घ्यावे?

साठा महाग पडतो, कारण त्यात पैसा अडकतो आणि कीड लागते. पण २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बुडाला तेव्हा आपल्याला घरातल्या धान्याचाच आधार होता. साठा एकाच जागी मात्र नको. ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात लेबनॉनच्या बैरूत बंदरातील धान्याची कोठारे उद्ध्वस्त झाली, आणि बहुतांश गहू युक्रेनमधून घेणाऱ्या या देशाची २०२२ च्या रशिया-युक्रेन युद्धाने दुहेरी कोंडी झाली.

अनेक पुरवठादार स्वस्त पडतात. २०१७ मध्ये सौदीने सीमा बंद केल्यावर कतारला तुर्कस्तान आणि इराणने अन्न पुरवले, पण कतारकडे पैसा होता. निर्बंधांतून अन्न वगळले तरी बँका व्यवहार टाळतात, मग पुरवठादार असूनही माल येत नाही.

म्हणून परकीय चलन मुबलक असलेल्या देशाने पुरवठादार वाढवावेत. चलन तुटपुंजे आणि बंदर एकच असेल, तर विखुरलेला साठाच आधी उभारावा.