प्री-वर्कआउटचा डबा, काळी कॉफी की नुसतं केळं?

प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी पाण्यात ढवळून प्यायची पूड. तिचा डबा घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा: व्यायामाला किती वाजता जाता, आणि दिवसभरात चहा किती होतो. ब्रँड, चव, दुकानातली सवलत हे सगळं नंतर. बडोद्यात ही दोन उत्तरं माणसागणिक बदलतात. कुणी पहाटे कामाटीबागेत पळून सातच्या आत घरी येतो, तर कुणी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतून सुटून रात्री साडेआठला मांजलपूरच्या जिममध्ये पोचतो. दोघांनाही एकच स्कूप (डब्यातल्या चमच्याने एक माप पूड) सुचवणारा ट्रेनर बऱ्याचदा तो डबा विकतही असतो.

आधी डब्यात काय असतं ते बघू. एका स्कूपमध्ये साधारण 150 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन, मग बीटा-अ‍ॅलानिन, सिट्रुलिन (दोन्ही अमिनो आम्लं), कधी क्रिएटिन (स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारा पदार्थ), थोडी जीवनसत्त्वं, रंग आणि भरपूर गोडी. यातलं घेतल्या दिवशीच ठळकपणे कामाला लागतं ते कॅफीन. क्रिएटिन उपयोगी आहे यात वाद नाही, पण ते स्नायूंत हळूहळू साठतं. रोज 3 ते 5 ग्रॅम, मग व्यायामाआधी घ्या नाहीतर रात्री जेवून घ्या, आणि सुट्टीच्या दिवशीही घ्या. बीटा-अ‍ॅलानिनचंही तसंच. रोज 3.2 ते 6.4 ग्रॅम, निदान दोन-चार आठवडे घेतलं तर फरक पडतो, आणि तोही मुख्यतः एक ते चार मिनिटं दम काढणाऱ्या जोरकस कामात. आठवड्यातून तीनदा जिमला जाऊन तीनदाच स्कूप घेणाऱ्याच्या पदरात या दोन्हींतलं फारसं काही पडत नाही.

मग त्या मुंग्यांचं काय? स्कूप प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कानाच्या पाळ्या, गाल, हाताची पाठ झिणझिणायला लागते. ती बीटा-अ‍ॅलानिनची करामत. निरुपद्रवी असते, थोड्या वेळाने आपोआप जाते. पोरं मात्र ‘चढलं, चढलं’ म्हणत खूश होतात आणि डबा वसूल झाला असं समजतात. झिणझिण्यांचा आणि त्या दिवशी किती वजन उचललं जाणार याचा काही संबंध नाही.

एक हिशेब दुकानातच करून बघा, त्याला शास्त्र शिकावं लागत नाही. सिट्रुलिन मॅलेट (सिट्रुलिनचंच एक रूप) प्रयोगांत सहसा 6 ते 8 ग्रॅम वापरतात (त्यातही निकाल संमिश्रच आहेत). त्यातले 6 धरा. बीटा-अ‍ॅलानिन कमीत कमी 3.2. क्रिएटिन 3. झाले 12.2 ग्रॅम, आणि अजून कॅफीन, चव, रंग यायचेच आहेत. आता डब्यावर स्कूपचं वजन वाचा. बऱ्याच डब्यांत ते 7 ते 10 ग्रॅम असतं. म्हणजे तिन्हींची नावं पुढे मोठ्या अक्षरात असली तरी तिन्ही पुरेशी असणं शक्यच नाही. त्यातून ‘मॅट्रिक्स’ किंवा ‘ब्लेंड’ म्हणून सगळ्यांची एकच बेरीज छापली असेल, तर कोणतं किती हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. असा डबा मी तरी फडताळावर परत ठेवीन.

उरलं कॅफीन, आणि ते स्वयंपाकघरात आहे. वजनाच्या दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम ही अभ्यासांत सिद्ध झालेली मात्रा. काहींना 2 मिलिग्रॅमही पुरतं. 2 ते 3 मिलिग्रॅम धरलं तर साठ किलोच्या माणसाला 120 ते 180. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2024 च्या आहार मार्गदर्शिकेप्रमाणे 150 मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असतं, गाळून केलेल्या कॉफीत 80 ते 120. तेव्हा एका कपाला दोन कपांची पूड घातली की आपण खालच्या मात्रेच्या आसपास पोचतो, खर्च वीस रुपयांच्या आत. स्कूपला सहसा पन्नास ते ऐंशी रुपये पडतात. फक्त पूड घेताना पाकीट वाचा. चिकोरी मिसळलेली असेल तर तेवढं कॅफीन कमी.

आणि फायदा तरी किती? लांब पल्ल्याच्या कामात साधारण दोन ते चार टक्के. चाळीस मिनिटं पळणाऱ्याचं एखादं मिनिट वाचलं तर वाचलं. वडोदरा मॅरेथॉनला वेळ मोजून उतरणाऱ्याला हे मिनिट मोलाचं आहे. वाढलेलं पोट कमी करायला निघालेल्याला नाही.

कॉफीची बाजू सगळीच उजवी नाही. रिकाम्या पोटी काळी कॉफी म्हणजे कित्येकांना हमखास पित्त. छातीत जळजळ घेऊन बैठका मारणं काही सुखाचं नाही. शिवाय चमच्याचं माप प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा मात्रा रोज तीच राहील याची खात्री नाही. डब्याचा खरा फायदा इथे आहे: लेबल प्रामाणिक असेल तर मात्रा ठरलेली, आणि थंड पाण्यात ढवळलं की काम झालं. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे असताना गरम कॉफी नको वाटते हेही खरं. पण तेव्हा कॉफी गार करून प्यायलाही कुणी अडवलेलं नाही.

पहाटवाल्यांसाठी माझं मत सरळ आहे. उठल्याबरोबर एक केळं नाहीतर दोन-तीन खजूर, वर काळी कॉफी, आणि निदान अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम. केळ्यातली पंचवीस-तीस ग्रॅम कर्बोदकं रात्रभरच्या उपासानंतर बरी पडतात. कॉफी सोसत नसेल तर नुसतं केळं खा, व्यायाम काही वाया जात नाही. वीस-तीस मिनिटांच्या चालण्याला तर तेही लागत नाही.

रात्री आठवाल्यांनी डबाही नको, कॉफीही नको. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना याहून बराच जास्त वेळ. आठ वाजता 200 मिलिग्रॅमचा स्कूप घेतला तर रात्री एक वाजता 100 अजून अंगात, म्हणजे जवळपास दोन कप इन्स्टंट कॉफी पिऊन अंथरुणावर पडल्यासारखं. झोपायच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम घेतलं तरी झोप तासाभराहून जास्त घटते, असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. स्नायू भरून निघतात ते झोपेत. झोप मोडून दोन रेप्स जास्त मारायच्या, हा कसला सौदा? संध्याकाळी पाच-सहाला काहीतरी खाऊन घ्या. दोन पोळ्या-भाजी, मूठभर चणे-शेंगदाणे, काहीही चालेल. साडेआठला येणारा थकवा बऱ्याचदा भुकेचा असतो.

नवरात्रात हा प्रश्न गरब्याच्या निमित्ताने निघतो: दिवसभर उपास, रात्री चार तास नाचायचं, तर एक स्कूप मारू का? उपाशी पोटी, घामाच्या धारांत, रात्री नऊला 300 मिलिग्रॅम कॅफीन ही कल्पना मला अजिबात पटत नाही. केळं, राजगिऱ्याचा लाडू, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, एवढ्यावर चांगला नाच होतो.

आता चहा. आयसीएमआरची दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम कॅफीनची आहे, चहाच्या कपात 30 ते 65 असतं. चार कप झाले की 120 ते 260. वरून 250 चा स्कूप घेतला की मर्यादा गेलीच. गंमत म्हणजे रोजच्या चहाने सवयलेल्या माणसाला स्कूपची तरतरीही कमी जाणवते, मग तो दीड स्कूप घेतो.

पळणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी एक चौथा पर्याय आहे, बिटाचा रस. त्यातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि श्रमाला प्राणवायू थोडा कमी लागतो. पण तो दोन-तीन तास आधी प्यावा लागतो, आणि त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरायच्या नाहीत. नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिवाणू जिभेवरच असतात. मुरलेल्या धावपटूंना याचा फायदा कमी दिसतो. वजन उचलणाऱ्यांनी यात पडायची गरज नाही.

(जुनी मंडळी इथे कामाटीबागेतल्या संग्रहालयातल्या दगडाकडे बोट दाखवतात, 1902 साली गामा पैलवानाने बडोद्यात उचलला तो. त्याने कुठला स्कूप घेतला होता, असं विचारतात. दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्याचं नाव ऐकत वाढलेल्यांना हा युक्तिवाद फार आवडतो. पण गामाच्या खुराकाबरोबर दिवसभराची मेहनतही होती, आपली तासाभराची असते.)

रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, घाबरेपणाचे झटके यांपैकी काही असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर डबा बंदच ठेवा. अठराच्या आतल्या मुलांनाही तो देऊ नये. स्पर्धेत उतरणाऱ्यांचं आणखी वेगळं. कॅफीनवरची बंदी 2004 साली उठली, पण पुडीत न सांगता मिसळलेलं उत्तेजक नमुन्यात सापडलं तर खेळाडूच जबाबदार धरला जातो, कंपनी नाही. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना बघावाच, पण तो उत्पादकाचा परवाना आहे. प्रत्येक डबा तपासल्याची ती पावती नव्हे. लेबलवर योहिम्बिन किंवा सिनेफ्रिन ही उत्तेजकं दिसली तर घेऊ नका.

एवढं सगळं वाचूनही डबा घ्यायचाच असेल, पहाटे किंवा सकाळी जात असाल आणि कॉफी खरंच सोसत नसेल, तर कॅफीनचा आकडा वेगळा छापलेला घ्या. पहिले काही दिवस अर्धाच स्कूप, तोही भरपूर पाण्यातून. कोरडी पूड तोंडात टाकून वर घोट घ्यायची जी टूम निघाली आहे, तिच्यात पूड श्वासनलिकेत जाऊ शकते आणि सगळं कॅफीन एकदम अंगावर येतं. क्रिएटिन हवं असेल तर वेगळं साधं मोनोहायड्रेट आणा. 3 ग्रॅमला दहा-पंधरा रुपये पडतात, आणि ते रात्रीच्या ताकातही चालतं.