डॅनिश सागवानी की चंडीगडची वेताची: जेवणाच्या टेबलासाठी कोणती जुनी खुर्ची घ्यावी?

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या खुर्च्या जेवणाच्या टेबलाभोवती मांडायच्या असतील, तर दोन घराण्यांचा विचार होतो. एक डेन्मार्कचे, ज्याचा चांगला नमुना म्हणजे तिथले फर्निचर-रचनाकार नील्स मोलर यांनी १९५१ साली आखलेली ७१ क्रमांकाची खुर्ची. दुसरे चंडीगडचे, म्हणजे वास्तुकार पिएर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी इमारतींसाठी घडवून घेतलेली, उलट्या ‘व्ही’सारख्या पायांची, वेताने विणलेली खुर्ची. साग दोन्हीकडे आहे, पण अस्सलपणाचा पुरावा वेगवेगळ्या जागी असतो आणि किंमतही त्यावरच ठरते.

डॅनिश खुर्ची उलटी केली की बैठकीच्या चौकटीच्या आत बहुधा कारखान्याचा छाप दिसतो. छाप पुसला गेला असला, तरी खुर्ची एका ठरावीक कारखान्यात, ठरावीक मापांनी बनलेली असल्यामुळे पाठीची उंची, पायांचा उतार आणि बैठकीच्या कागदी दोराची (पीळ दिलेल्या कागदाच्या दोरीची) विणकाम-पद्धत ताडून पाहता येते. चंडीगडच्या खुर्चीत हा आधार लंगडा पडतो. एकच आराखडा अनेक कारागिरांकडे गेल्यामुळे अस्सल नगांतही मापे आणि सांधे जुळत नाहीत, आणि पाठीमागे रंगवलेली सरकारी खात्याची अक्षरे तर आजही कोणालाही रंगवता येतात. त्यामुळे तिथे सरकारी लिलावाची पावती आणि त्यानंतरच्या मालकांची साखळी हाच खरा पुरावा. शिवाय केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली या वारसा-वस्तूंच्या विक्रीला व निर्यातीला मनाई करणारा आदेश काढला असल्याने, कागद नसलेली खुर्ची परदेशी नेण्याचा विचारही करू नये.

टेबल पाहताना आपल्याकडचा ‘भरीव सागवान’ हा निकष बाजूला ठेवावा लागतो. चांगल्या डॅनिश टेबलाचा वरचा भागही पुष्कळदा व्हिनिअरचा, म्हणजे लाकडाचा पातळ थर चिकटवलेला, आणि फक्त कडा भरीव लाकडाच्या असतात. तो दोष नव्हे. मात्र जोशात पॉलिशवाल्याने घासायचे मशीन फिरवले, तर व्हिनिअर कडेला झिजून खालचे लाकूड दिसू लागते आणि ते नुकसान भरून निघत नाही.

किमतीसाठी विक्रेत्याने मागितलेला आकडा नव्हे, तर त्याच नमुन्याचा, त्याच लाकडाचा, लिलावात प्रत्यक्ष मिळालेला भाव पाहावा आणि विणकाम, डळमळीत सांधे यांचा खर्च त्यातून वजा करावा. जुळणाऱ्या सहा खुर्च्यांच्या संचात प्रत्येक खुर्चीला सुट्या नगापेक्षा अधिक भाव मिळतो. ब्राझीलच्या शिसवाची खुर्ची सागापेक्षा महाग असते, परंतु ते लाकूड १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत असल्याने परवान्याशिवाय सीमेपलीकडे जात नाही.

रोजच्या जेवणासाठी माझे मत मोलरच्या बाजूने आहे. बिनहाताची असल्याने ती टेबलाखाली सरकते. चंडीगडची हातांची खुर्ची मुळात कचेरीसाठी होती, तिचे हात टेबलाच्या कडेला अडू शकतात. तरीही तीच आवडली आणि कागद मिळाले नाहीत, तर नव्या, नीट घडवलेल्या प्रतिकृतीइतकेच पैसे द्यावेत.