आठ महिने, दोन ड्रोन: बेळगाव-खानापुरात उडवायला शिकताना

दिवाळी पाडव्याला पहिला ड्रोन घेतला आणि आता मिरगाचा पाऊस सुरू झालाय. मधल्या आठ महिन्यांत दोन यंत्रं वापरली. एक १,८०० रुपयांचं, तळहातावर मावणारं. त्याला जीपीएस नाही आणि कॅमेरा नावापुरता. दुसरं २४९ ग्रॅमचं, दुमडणारं, जीपीएसवालं. पुण्याच्या एका मित्राकडून वापरलेलं, तीन बॅटऱ्यांसकट ३४,००० ला घेतलं. या वर्गातली यंत्रं थोड्याफार फरकानं सारखीच वागतात, म्हणून मॉडेलपेक्षा उडवण्याबद्दलच लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात कुणी सुरुवात करत असेल तर त्याला हे उपयोगी पडावं अशी मनापासून इच्छा आहे. मी सुरू केलं तेव्हा इथली हवा, इथली शेतं ध्यानात घेऊन सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

महत्त्वाचं आधी सांगतो. पहिलं यंत्र स्वस्तातलंच घ्या, आणि निदान महिनाभर तेवढंच उडवा. थेट जीपीएसवाल्यावर सुरुवात केली की पहिल्या दिवसापासून सगळं सोपं वाटतं. रिमोटची स्टिक सोडली तरी ते हवेत खिळ्याला टांगल्यासारखं थांबतं, आणि आपल्याला उडवता येतं असं वाटायला लागतं. खरं म्हणजे तेव्हा ते स्वतःच उडत असतं. ज्या दिवशी जीपीएस किंवा यंत्राला दिशा सांगणारा कंपास दगा देतो त्या दिवशी हातात काय आहे ते कळतं. माझ्यावर तो दिवस जानेवारीत आला, त्याबद्दल पुढे.

छोट्या यंत्राचा सराव अनगोळच्या घरी हॉलमध्येच केला. डाव्या स्टिकनं वर-खाली आणि जागच्या जागी गिरकी, उजव्या स्टिकनं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणं, एवढंच. यंत्राचं तोंड पलीकडे असेपर्यंत हे सोपं जातं. तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि बोटं नेमकी चुकीकडे जातात. पहिल्या आठवड्यात त्याच एका चुकीनं ते टीव्हीमागे, देव्हाऱ्यात आणि आईच्या कणकेच्या परातीत जाऊन पडलं. मग खडूनं फरशीवर चौकोन आखला. छातीच्या उंचीवर, चौकोनाच्या आत, एक मिनिट थांबवायचं: आधी तोंड पलीकडे ठेवून, मग डावीकडे, मग उजवीकडे, शेवटी आपल्याकडे. ते जमल्यावर दोन खुर्च्यांभोवती आठचा आकडा. बॅटरी सहा-सात मिनिटंच चालायची, त्यामुळे रोज तीन बॅटऱ्या म्हणजे वीस मिनिटांचा सराव. तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी लक्षात आलं की आठचा आकडा काढताना मी डावं-उजवं मनात म्हणतच नाहीये. त्या दिवशी झालेला आनंद पुढं मोठ्या यंत्रानंही तसा दिला नाही.

पंखे बदलताना एक गोष्ट सांभाळा. चारपैकी दोन पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलटे. त्यांवर बारीक ए आणि बी कोरलेलं असतं. खिडकीतल्या उजेडात तिरकं धरलं तरच दिसतं. मी एक पंखा चुकीच्या जागी बसवला आणि यंत्र उचलण्याआधीच जागेवर पालथं झालं. चार वेळा तसंच झाल्यावर कळलं. आणखी एक, मोटारीच्या दांड्याला केस गुंडाळले जातात. एक मोटार गरम व्हायला लागली तेव्हा भुवयांच्या चिमट्यानं ओढून पाहिलं, तर बहिणीचा वीतभर लांब केस निघाला.

मोठं यंत्र घेण्याआधी नियम वाचले, आणि ते वाचल्याशिवाय कुणी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो. नॅनोला, आणि व्यावसायिक काम नसेल तर मायक्रोलाही, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण वजन कमी म्हणून कुठंही उडवता येतं असं मुळीच नाही, आणि इथंच बहुतेक जण फसतात. हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा लाल, पिवळ्या, हिरव्या भागांत वाटलेला आहे. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जायचंच नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक, आणि त्यापलीकडे हिरव्या भागात ४०० फूट. नकाशा बदलत असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी निघण्याआधी तो उघडून बघायचा.

आता बेळगाव शहर डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला सांबरा विमानतळ आणि तिथंच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. लष्कराच्या जागा शहराला अगदी लागून आहेत. मित्र म्हणाले, गच्चीवरून जरा उडव की, कपिलेश्वराच्या तळ्याचा फोटो मस्त येईल. मी शहरात एकदाही उडवलं नाही आणि उडवणारही नाही. लग्नात, हळदीत उडव म्हणून तीन-चार जणांनी विचारलं, त्यांनाही नाही म्हटलं. माणसांच्या डोक्यावर फिरणारे पंखे नेण्याएवढा माझा हात तयार नाही.

वापरलेलं का घेतलं असं बरेच जण विचारतात. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे बाजारात नवं म्हणून मिळणारं परदेशी यंत्र नेमकं कुठल्या वाटेनं आलं ते कळत नाही. जुनं घेताना मूळ बिल मागा, नोंदणी झाली असेल तर तिचा क्रमांक मागा, बॅटऱ्या टेबलावर सपाट ठेवून बघा. जरा फुगलेली बॅटरी टेबलावर डुलते. तशी असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

तर उडवायला शहर सोडून जावं लागतं. माझं आजोळ नंदगडजवळ, खानापूर तालुक्यात. शनिवारी संध्याकाळी जायचं, रविवारी सकाळी उडवायचं. डिसेंबरात भातकापणी झालेली असते, शेतं मोकळी, जमिनीत अजून ओल आणि कापलेल्या धाटांची गादी. नवशिक्याला याहून चांगलं मैदान मिळणार नाही. फक्त सकाळी आठच्या आत घाई करू नका. धुकं आणि दहिवर एवढं असतं की लेन्सवर थेंब साचतात आणि पंखे ओले होतात. ऊन वर आल्यावर, वारा सुटण्याआधी, साधारण साडेआठ ते दहा ही आमच्या शिवारातली सगळ्यात चांगली वेळ.

पहिल्याच रविवारी एक अडचण आली जिचा मी विचारच केला नव्हता. यंत्र वर गेल्यावर पाच मिनिटांत बांधावर सात-आठ माणसं जमली. एक आजोबा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मोजणी आली काय रे बाळ?" आपल्या भागात शेतावर ड्रोन म्हणजे मोजणी, मोजणी म्हणजे रस्ता, आणि रस्ता म्हणजे जमीन गेली. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमिनी जाऊ नयेत म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडा केलाय. गावठाणाचे नकाशे काढायला स्वामित्व योजनेतही ड्रोनच येतात. त्यांची भीती अगदी रास्त होती. मी यंत्र लगेच उतरवलं, मोबाइलचा पडदा आजोबांच्या हातात दिला आणि मामाच्या शेतापुरतंच परत वर नेलं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी पारावर सांगून ठेवतो, कुठं आणि किती वेळ ते. नदीकडं बायका धुण्याला येतात त्या वेळी त्या बाजूला तोंडसुद्धा वळवत नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं असो वा नसो, गावात उडवायचं तर हे पाळलंच पाहिजे.

आता जानेवारीतली गोष्ट. शेतात चिखल होता म्हणून मामाच्या घराच्या स्लॅबवरून उडवलं. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, आणि यंत्राचा कंपास म्हणजे शेवटी चुंबकसूचीच. मी ते वाचलेलं होतं, तरी आळस केला. पंधरा मीटर वर गेल्यावर यंत्र एका जागी थांबेना. गोल गोल फिरायला लागलं, आणि प्रत्येक फेरीला घेर मोठा. पडद्यावर कंपासची सूचना लाल झाली. पलीकडे विजेच्या तारा, अंदाजे वीस मीटरवर. घरी परत बोलावायचं बटण दाबावंसं वाटलं, पण ते बटणही त्याच बिघडलेल्या कंपासच्या भरवशावर चालतं. पडद्यावरची नजर काढली आणि यंत्राकडं बघितलं. तोंड माझ्याकडे होतं. बोटांनी आपोआप उलटं धरलं, तारांपासून लांब ओढलं, घराच्या मागच्या खळ्यावर आणलं आणि भाताच्या पिंजरावर उतरवलं. सगळं मिळून चाळीसेक सेकंद. खाली आल्यावर पाय थरथरत होते. ती बोटं हॉलमधल्या चौकोनात तयार झाली होती, त्या १,८०० रुपयांच्या यंत्रावर. आता शेतात प्लायवुडचा एक तुकडा टाकतो आणि त्यावरूनच उडवतो. जवळ गाडी, पत्र्याची शेड, पंपाची पेटी काही नाही ना ते आधी बघतो.

घरी परतीच्या उंचीबद्दलही सांगायला हवं. सिग्नल तुटला की यंत्र ठरवलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परत येतं. आधीच्या मालकानं ती ३० मीटर ठेवली होती. आमच्या बांधावरची जुनी आंब्याची झाडं आणि पलीकडचा विजेचा मनोरा बघून मी ती ६० केली. माझ्या यंत्राला समोरचं काही दिसत नाही, फक्त खाली बघणारे सेन्सर आहेत. ते सेन्सरही मलप्रभेच्या पाण्यावर फसतात, चकाकी आणि लाटांमुळे उंचीचा अंदाज चुकतो. पाण्यावर निदान पाच-सहा मीटर वरून जा. आणि उतरवताना सरळ खाली जोरात आणू नका. स्वतःच्याच पंख्यांनी ढकललेल्या हवेत सापडून ते डगमगतं. थोडं पुढं सरकवत, तिरकं आणायचं.

वाऱ्याचा हिशोब बॅटरीशी जोडलेला आहे. माझी बॅटरी नवी असताना ३० मिनिटांच्या आसपास चालेल असं कागदावर लिहिलंय. मला वीस ते बावीस मिळतात. नेहमी आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जायचं, म्हणजे परतताना वारा पाठीशी असतो. मार्चमध्ये मी उलटं केलं. जाताना भर्रकन गेलं, परत येताना जवळपास जागेवरच रांगत होतं, आणि ४५ टक्क्यांवरून १४ वर आलं तेव्हा कुठं डोक्यावर पोचलं. आता ३० टक्क्यांना उतरवतो, कितीही छान ऊन पडलेलं असो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उडवायचंच नाही. वळीव कधी उठेल सांगता येत नाही, आणि पावसाच्या आधी येणारा वारा या वजनाच्या यंत्राला पाचोळ्यासारखा नेतो.

घारींचं म्हणाल तर त्या खरंच येतात. एक घार तीनदा झेप घ्यायला आली. घार वरून झेपावते, म्हणून यंत्र तिच्या वर चढवायचं आणि मग हळूहळू लांब न्यायचं. घरटी असलेल्या झाडांजवळ तर जायचंच नाही; तिथं आपण पाहुणेही नाही, घुसखोर आहोत. याच कारणानं भीमगड अभयारण्याकडं यंत्र कधी नेलं नाही. जांबोटीच्या पुढचे डोंगर वरून कसे दिसत असतील याची ओढ मलाही आहे. पण तिथल्या बारापेडे गुहांत राउटन नावाचं दुर्मीळ वटवाघूळ राहतं, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यात ड्रोन नेणं चूकच आहे.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. दिवसा उत्तम, संध्याकाळी दाणेदार. मला उडवण्यातच जास्त रस आहे.

पण एक चित्र सांगतो. फेब्रुवारीत मामाला पडद्यावर त्याचं शेत दाखवलं, ६० मीटरवरून. साठ वर्षं तो त्या मातीत राबतोय, वरून पहिल्यांदाच बघत होता. आधी काही बोलला नाही. मग पडद्यावर बोट ठेवून एकेक वाफ्याचं नाव घ्यायला लागला: ही टोकाची, ही विहिरीची, ही आज्जीची. खालच्या वाफ्यातला एक काळपट पट्टा दाखवून म्हणाला, "हितं पाणी मुरतंय बघ. दरवर्षी हितलंच भात पडतंय." तो पट्टा वरच्या बांधाच्या फुटक्या कोपऱ्यापासून सरळ खाली उतरत होता. जमिनीवर उभं राहून तो कधी दिसला नव्हता. मेमध्ये दोघांनी मिळून तो कोपरा दगड-मातीनं बांधून काढला. आता पेरणी झालीय. भात उभं राहतंय की पडतंय ते दिवाळीला कळेल.

सध्या मोठं यंत्र कपाटात आहे. लिथियम बॅटऱ्या भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवल्या की खराब होतात, म्हणून तिन्ही ५५ टक्क्यांवर आणून ठेवल्यात, महिन्यातून एकदा बघणार. छोटं मात्र चालू आहे. बहिणीची मुलगी नऊ वर्षांची. पावसामुळं बाहेर जाता येत नाही म्हणून हॉलमध्ये खडूचा चौकोन तिनं परत आखलाय. काल तोंड आपल्याकडे ठेवून अकरा सेकंद थांबवलं तिनं. मग ते देव्हाऱ्यात गेलं.