जुनी नाणी विकत घेतो म्हणणाऱ्यांनी माझे ६३,२०० रुपये खाल्ले, तुम्ही सावध राहा

सरळ आकडे सांगते. १,१५०, मग ६,५००, मग १८,७००, मग १२,५०० आणि शेवटी २४,३५०. एकूण ६३,२०० रुपये. त्यात मुलाच्या क्लासची फी होती आणि नुकतीच लागलेली माझी भिशी होती. हे सगळं गेलं २ रुपयाच्या एका नाण्यापायी आणि ट्रॅक्टरवाल्या ५ च्या नोटेपायी. नाणं आणि नोट दोन्ही अजून माझ्या डब्यात आहेत, कारण त्या लोकांना ती नकोच होती.

आमचं विक्रोळीला कन्नमवार नगरात स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर सुट्टे पैसे हातातून जातात, त्यामुळे नाणी बघायची सवय लागली. वेगळं काही दिसलं की गल्ल्यात माझे पैसे टाकायचे आणि ते बाजूला ठेवायचं. १९९९ चं ज्ञानेश्वर माउलींचं १ रुपयाचं, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं, लोकमान्य टिळकांचं ५ चं, १९८२ च्या एशियाडचं २ चं, गेंड्याचं चार आणे, १९६९ चं गांधीजींचं २० पैशांचं पिवळं नाणं, हे सगळं असंच जमलंय. यातलं काही तर लोक "हे चालत नाही" म्हणून फेकायला निघाले होते. वर्षाच्या आकड्याखाली चौकट असेल तर मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं, एवढं मला कळतं. म्हणून कुणी मला अडाणी, हावरट म्हटलं की डोकं फिरतं. पोलिसांनी म्हटलंच, ते पुढे सांगते.

तर "१९९४ चं झेंडावालं २ रुपयाचं नाणं असेल तर ५ लाख मिळतील" हा फॉरवर्ड तुम्हा सगळ्यांकडे आलेला असणार. भारताचा नकाशा आणि त्यावर झेंडा असलेलं, अकरा कोनांचं ते नाणं. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्याचा आणि ७८६ नंबरच्या नोटेचा फॉरवर्डपण असाच फिरतो. मी आधी लक्ष दिलं नव्हतं, पण मोबाईलवर जाहिरात आली, त्यात रिझर्व्ह बँकेचा लोगो, खाली व्हॉट्सअपचा नंबर. म्हटलं विचारायला काय जातंय, फोटो पाठवले. पाच मिनिटांत फोन आला. नाणं आणि ट्रॅक्टरची नोट मिळून ४,८५,००० रुपये देतो म्हणाला. आयकार्डचा फोटो आला, गोल शिक्क्याचं लेटर आलं, माझं नाव टाकून. "सेलर रजिस्ट्रेशन"चे १,१५० भरले. दुकानाच्या लायसनला, शाळेच्या फॉर्मला, सोसायटीच्या कागदाला सगळीकडे आपण आधी पैसे भरतोच ना, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता जिथे माझा जीव अजून जळतो ते सांगते. पैसे भरल्यावर मी त्याला आपणहून म्हटलं की नाणं मुंबई मिंटचं आहे, वर्षाखाली डायमंड आहे. नाणी जमवणारे त्या चौकटीला डायमंडच म्हणतात. तर तो म्हणाला, "हाँ मॅडम, डायमंड लगा है तभी तो इतना रेट मिल रहा है, बिना डायमंडवाला तो हम लेते ही नहीं." आणि पुढे विचारतो, "डायमंड हिलता तो नहीं ना? निकल तो नहीं गया?" त्याला वाटलं नाण्यात खरोखरचा हिरा बसवलाय! लाखोंची नाणी घेणारा माणूस आणि त्याला टांकसाळीची खूण माहीत नाही. मी हे ऐकलं, मला खटकलं, एक क्षण मी गप्पच झाले. पण वाटलं की फोनवर बोलायला कमिशनवर ठेवलेली पोरं असतात, त्यांना काय कळतं, वरचे जाणकार असतील. बँकेत, विमा कंपनीत फोन केला तर तिथेही बोलणाऱ्याला कुठे सगळं माहीत असतं? तिथेच फोन ठेवला असता तर ६२,०५० रुपये वाचले असते. ते एक वाक्य मला रात्री झोपू देत नाही.

आणखी एक, त्याने नाण्याच्या दोन्ही बाजूंचा नीट फोटोसुद्धा मागितला नव्हता. खरा घेणारा पहिल्यांदा हेच मागतो. झीज किती आहे, कड कशी आहे, नाणं घासून साफ केलंय का (घासलं की किंमत पडते), टांकसाळ कुठली. ह्याचं सगळं लक्ष मी पैसे कधी पाठवते याच्यावर.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, सगळीकडे असंच चालतं. "एनओसी"चे ६,५००. मग "इन्कम टॅक्स आधी भरावा लागतो, नंतर रिफंड येईल" म्हणून १८,७००. मग म्हणे कॅश घेऊन गाडी निघाली, गाडीचा विमा आणि जीपीएस म्हणून १२,५००, आणि सोबत व्हिडिओ, गाडीच्या सीटवर ५०० च्या नोटांची बंडलं आणि वरच्या कागदावर पेनाने माझं नाव. स्वतःचं नाव तिथे बघितल्यावर माणूस काय करणार? आणि आधीच ३८,८५० गेलेले असताना थांबायचं कसं, थांबलं तर तेही बुडणार. मग फोन आला की गाडी वाशीच्या टोलनाक्यावर अडवलीय, २४,३५० भरा नाहीतर "सरकारी नाणी बेकायदा विकता" म्हणून तुमच्यावरच केस होईल, पोलीस घरी येतील. घरी सासूबाई आजारी, हे कामावर, मी दुकानात एकटी. घाबरून भरले. आता सांगते, २ रुपयाचं नाणं घरात ठेवणं हा कुठलाही गुन्हा नाही. नाणी जमवणं, विकणं हे सगळं उघडपणे चालतं. धमकी आली की समजा चोरच आहे.

प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या नावावर जात होते हेही लिहून ठेवते. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते वाचा. रिझर्व्ह बँक कुणा अमक्या-तमक्याच्या खात्यात पैसे घेत नाही. किंबहुना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आम्ही कसलंही कमिशन किंवा चार्ज मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. हे मला नंतर कळलं. इतकी वर्षं झाली तरी लोगो लावून जाहिराती चालूच आहेत, त्या बंद का होत नाहीत?

आता पोलीस स्टेशन. नाव लिहीत नाही. ड्युटीवरच्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, शिकलेल्या दिसता, दोन रुपयाला पाच लाख कोण देतं?" बाजूचे हसले. मी तक्रार द्यायला आले होते की परीक्षा द्यायला? एफआयआर घ्या म्हटलं तर म्हणे हे सायबरचं आहे, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या स्टेशनलाच द्या. परत आले तर साहेब बंदोबस्तावर. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे, दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवलं तर आयटी कायद्याचं ६६ड आहे, दोन्ही दखलपात्र आहेत, हे मी वाचून गेले होते. बोलले तर म्हणतात, "वकील आहात का?" ६३,२०० रुपये त्यांना लहान वाटतात. एक रुपयाची एक झेरॉक्स, कागद, टोनर आणि वीजबिल वजा करून उरतं काय, आणि त्यातून एवढे जमायला किती जातं, ते त्यांनी माझ्या दुकानात बसून बघावं.

माझ्या बँकेची तर वेगळीच तऱ्हा. "पिन तुम्हीच टाकलाय, हे ऑथराइज्ड आहे, आम्ही काही करू शकत नाही." रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना संरक्षण देतात, माझं त्यात बसत नाही म्हणे. ठीक आहे, नाही बसत. पण ज्या खात्यात माझे पैसे गेले ते खातं उघडताना कुणीतरी केवायसी केलंच असेल ना? माझ्यासारख्या साध्या बाईला पत्ता बदलायला तीन कागद मागतात आणि चोराच्या खात्यात आलेले पैसे लगेच एटीएममधून निघून जातात, तेव्हा कुणाला काही दिसत नाही? त्याबद्दल विचारलं तर टोकन घ्या, तिकडच्या काउंटरला जा.

शेवटच्या खात्यातले ९,१४० रुपये गोठवलेत असं कळलंय. ते मिळवायला पुन्हा चकरा, पुन्हा दुकान बंद.

कुणाचे पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आधी. मी घरच्यांना काय सांगू या विचारात रात्र घालवली आणि तेवढ्यात बाकीचे पैसे निघून गेले. व्यवहाराचा बारा आकडी नंबर जपून ठेवा, तोच सगळीकडे विचारतात. चॅट रागाने डिलीट करू नका. पोलीस एफआयआर घेत नसतील तर लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलून घरी येऊ नका.

नंतर मी नाणं घेऊन फोर्टात एका जुन्या नाणेविक्रेत्याकडे गेले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे लाखोंनी पाडलेलं नाणं, हातोहात फिरलेलं, याला दोन रुपयांपेक्षा जास्त कोण देणार? ट्रॅक्टरची नोट कोरी करकरीत असती तर थोडं काही आलं असतं." मी विचारलं, विकायचं असेल तर आधी पैसे भरावे लागतात का? ते म्हणाले, घेणारा मी, मग तुम्ही कशाचे भरणार. पाच मिनिटांचं काम, एक पैसा लागला नाही. ज्याच्याकडे जुनं काही असेल त्याने आधी असं कुणाला तरी समोर बसून दाखवावं.

आणि हे महत्त्वाचं. गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला, माझं नाव, माझी रक्कम, सगळं त्याला माहीत. "सायबर सेल से बोल रहा हूँ, आपका पूरा पैसा वापस दिलाएँगे, सिर्फ २,९९९ प्रोसेसिंग." हे तेच लोक आहेत, किंवा त्यांनी माझी माहिती विकलीय. मी एक रुपया दिला नाही, नंबर लिहून अर्जाला जोडला. तुम्ही फसला असाल तर तुम्हालाही असा फोन येईल, तेव्हा घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा, सासू-सासऱ्यांना तर नक्कीच.