एलएक्सआयला व्हीएक्सआयच्या काचा: उद्यमबागेतल्या एका गॅरेजचं काम

माझ्याकडं 2017 ची मारुती सेलेरिओ एलएक्सआय, म्हणजे खालचं मॉडेल आहे, बेळगावच्या केए-22 पासिंगची. याच गाडीच्या वरच्या व्हीएक्सआय मॉडेलला चारही काचा बटणावर आणि सेंट्रल लॉक कंपनीतूनच मिळायचं. माझ्या गाडीला मात्र चार दारांना चार हँडल, आणि प्रत्येक दाराचं लॉक वेगळं दाबायचं. गेल्या उन्हाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या, म्हणजे कारखान्यांच्या भागातल्या, एका छोट्या ऑटो-इलेक्ट्रिकल गॅरेजमध्ये मी हे दोन्ही बसवून घेतलं. अख्खा पावसाळा गेल्याशिवाय त्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण दाराच्या आत केलेल्या कामाची परीक्षा आपल्या भागात मृग लागल्यावरच सुरू होते. आता सांगते: काम फार चांगलं झालंय, आणि ते का चांगलं झालंय हे नीट कळावं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघात झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले पेशंट क्लिनिकपर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून येळ्ळूर, मच्छे, खानापूर, नंदगड, कधी थेट जांबोटीपर्यंत मी त्यांच्या घरी जाते. गाडीत बहुतेक एकटीच असते. गावात शिरल्यावर कुणाला घर विचारायचं तर डावी काच खाली घ्यावी लागते. त्यासाठी पट्टा सोडायचा, कंबरेला पीळ देऊन पलीकडं वाकायचं आणि लांब केलेल्या हातानं जोर लावून हँडल फिरवायचं. खांदा आणि कंबर दुखणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी नेमकी हीच हालचाल टाळायला सांगते. त्यात खानापूरच्या पुढं पाऊस लागला की आतून काचा धुकटतात, डावी काच बोटभर उघडायची असते आणि ती गाडी चालवताना उघडता येत नाही. संध्याकाळी जांबोटीकडून परतताना रानातल्या रस्त्यावर फोन घ्यायला थांबलं, तर मागची दोन्ही दारं लॉक आहेत ना हे वळून बघायचं. ज्यांची गाडी वरच्या मॉडेलची आहे त्यांना ही चैन वाटेल. एकट्यानं गाडी चालवणाऱ्या बाईला ही गरज आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी केली होती. तिथं त्यांनी कुठल्याही गाडीला चालणारं किट दाखवलं. त्यात काच वर-खाली करणारं मूळचं हाताचं मशीन तसंच ठेवतात आणि हँडल जिथं बसतं त्या दांड्याला मोटर जोडतात. हँडलनं फिरवायच्या मशीनचे दाते माणसाच्या हाताच्या वेगासाठी केलेले असतात, रोजच्या मोटरच्या झटक्यासाठी नाहीत. काही महिन्यांत काच तिरकी चालायला लागते, मध्येच अडकते. वायरिंगचं विचारलं तर, रेडिओच्या वायरला टॅप मारून घेऊ, म्हणाले. मी तिथून निघाले.

उद्यमबागेतलं गॅरेज मला एका पेशंटच्या मुलानं सांगितलं. तो तिथल्याच एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. तिसऱ्या रेल्वे गेटकडून खानापूर रोडला लागलं की उद्यमबाग येतं, आणि तिथं शंभराव्या मिलिमीटरमध्ये बोलणारी माणसं रस्त्यावर चहा पिताना भेटतात. गॅरेजचे मालक त्याच वळणाचे आहेत. किट दाखवायच्या आधी त्यांनी गाडीचं ड्रायव्हरकडच्या दाराचं आतलं आवरण, म्हणजे डोअर पॅड खोललं, टॉर्च धरला आणि मला आतला पत्रा दाखवला.

"ताई, हे भोकं बघा. व्हीएक्सआयचं मशीन ह्याच भोकांवर बसतंय. दार तेच आहे, कंपनीनं सामान तेवढं कमी घातलंय."

खरंच तसं होतं. पत्रा सगळ्या मॉडेलना एकच, बोल्टची जागा एकच. त्यामुळं हाताचं मशीन पूर्ण काढून मोटरसकटचं मशीन त्याच जागी बसवता येतं. कुठं नवीन भोक पाडावं लागत नाही, काच मूळच्याच रबरी चॅनेलमधून सरळ चालते. ही गोष्ट दुकानात मला कुणी सांगितली नव्हती.

वायरिंगवर मात्र त्यांनी मला अर्धा तास बसवून समजावलं, आणि ते समजून घेण्यासारखं होतं. काचेची मोटर चालू असताना साधारण 5 ते 10 अँपियर ओढते, आणि काच वर टेकली किंवा अडकली की त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढा करंट रेडिओच्या बारीक वायरीतून घेतला तर वायर तापते, आणि दारापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही म्हणून काच रडत-खडत चढते. बऱ्याच जणांना वाटतं मोटर हलकी निघाली. दोष वायरीचा असतो. यांनी बॅटरीकडून जाड वायर स्वतंत्र आणली, तिच्या सुरुवातीलाच फ्यूज घातला, आणि मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या रिलेला चावीची लाइन दिली. त्यामुळं चावी बंद असताना काचा हलत नाहीत. पोरं गाडीत बसून बटणं दाबत राहिली तरी बॅटरी उतरत नाही.

"मूळ वायर एक पण कापलो नाही," असं त्यांनी काम झाल्यावर सांगितलं आणि वायरींचे प्लग, म्हणजे कपलर उघडून दाखवले. नवीन वायरिंग कपलरला कपलर लावून जोडलंय. उद्या गाडी शोरूमला दाखवायची झाली तर सगळं काढून ठेवता येईल. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी एवढं एक तरी बघून घ्यावं. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलच्या क्लेमवर बोट ठेवायला कंपनीला जागा मिळते.

दार आणि बॉडीच्या मधली रबरी नळी ही दुसरी जागा. दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं-मिटतं, तेवढ्या वेळा आतली वायर दुमडते. वायर त्या नळीच्या बाहेरून नेली तर पत्र्याच्या कडेला घासून तिची साल निघणार आणि शॉर्ट होणार हे ठरलेलं. त्यांच्याकडच्या पोरानं सीटखाली उताणं पडून, नळीत साबणाचं पाणी सोडून, वायर आतूनच ओढली. एका दाराला तासभर तरी गेला असेल. मालक त्याच्याशी कानडीत बोलत होते, माझ्याशी मराठीत, आणि घाई दोघांनाही नव्हती.

आता ज्यासाठी पावसाळाभर थांबले ते सांगते. डोअर पॅडच्या मागं एक प्लास्टिकचा कागद असतो, काळ्या चिकट डिंकानं पत्र्याला चिकटवलेला. काचेवरचं पाणी रबराच्या फटीतून दाराच्या आत उतरतंच, प्रत्येक गाडीत उतरतं. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावं आणि आत केबिनमध्ये येऊ नये यासाठी तो कागद असतो. काचेचं काम करताना तो उचकटावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो फाडून टाकतात किंवा चार ठिकाणी टेप मारून सोडतात. उन्हाळ्यात काही कळत नाही. जूनमध्ये पायाखालची मॅट ओली होते, मग वास, मग स्विचच्या कपलरला हिरवा गंज. इथं त्यांनी चारही कागद सबंध काढले, जुना डिंक पुसला आणि सगळीकडून नवीन पट्टी लावून परत बसवले. तळाच्या भोकांतली लाल माती तारेनं काढली, ते मी सांगितलंही नव्हतं. जुलैत कणकुंबीकडं पाऊस नुसता ओतत असताना मी त्या रस्त्यानं गेलेय. चारही दारांच्या आत हात फिरवून बघितलं, कोरडं. या एका गोष्टीसाठी मी या गॅरेजचं नाव माझ्या सगळ्या ओळखीत सांगते.

सेंट्रल लॉकचं थोडक्यात. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींचा ॲक्च्युएटर (लॉक ओढणारी छोटी मोटर), बाकीच्यांत दोन वायरींचे. ड्रायव्हरचं दार चावीनं किंवा आतून लॉक केलं की बाकीची तीन लॉक होतात. रिमोट वेगळा येतो, चावीच्या जुडग्यात तो जरा अडचण करतो. आवाज कंपनीच्या लॉकपेक्षा मोठा आहे. पण गाडीत बसून एक बटण दाबलं की चार दारांचा एकदम येणारा तो खटका मला फार धीर देतो.

उणीवाही आहेत. काचेत बोट किंवा हात अडकला तर काच आपोआप खाली येण्याची सोय या मशीनमध्ये नाही. मालकांनी हे पैसे घ्यायच्या आधी स्पष्ट सांगितलं. लहान मुलं असतील तर ड्रायव्हरच्या पॅनलवरचं मागच्या काचा बंद ठेवायचं बटण दाबूनच ठेवा, आणि मागं बघितल्याशिवाय काच वर घेऊ नका. हँडलच्या जागी राहिलेलं भोक काळ्या टोपीनं बंद केलंय, ते जवळून दिसतं. मागची डावी काच बाकीच्यांपेक्षा सावकाश चढत होती; परत नेली तेव्हा चॅनेलचं रबर सुकलं होतं म्हणाले, सिलिकॉन स्प्रे मारला, पैसे घेतले नाहीत, आणि ती सुधारली. अंदाजपत्रक मात्र कागदावर देत नाहीत, सगळं तोंडी. हे त्यांनी बदलायला हवं. मी हट्टानं पक्कं बिल घेतलं, तुम्हीही घ्या, कारण विम्याला ते लागतं. कंपनीनं न बसवलेलं इलेक्ट्रिकल सामान पॉलिसीत वेगळं दाखवावं लागतं, त्याच्या किमतीच्या साधारण 4 टक्के जादा प्रीमियम बसतो. नाहीतर अपघातात दार गेलं तर त्यातल्या मोटरचे पैसे मिळत नाहीत.

एक गोष्ट समजून ठेवा. ड्रायव्हरकडच्या उजव्या पॅनलचं कपलर सैल झालं तर डावी काच तिच्या स्वतःच्या बटणानंही हलत नाही, कारण तिचा अर्थिंगचा रस्ता ड्रायव्हरच्या स्विचमधून जातो. मोटर जळाली म्हणून कुणी नवी गळ्यात मारायच्या आत ते कपलर दाबून बघा.

खर्च काचा, लॉक आणि मजुरी धरून 16,500 रुपये. शहरातल्या दुकानाचा आकडा याच्या निम्म्याच्या आसपास होता. कोल्हापुरात किंवा बेंगळुरूच्या जे. सी. रोडला सामान स्वस्त मिळेलही, पण काही बिघडलं तर काच अर्धी उघडी ठेवून कोल्हापूरपर्यंत शंभरावर किलोमीटर कोण जाणार? शिनोळी-चंदगडकडच्या एमएच-09 गाड्याही मी या गॅरेजपुढं उभ्या बघितल्यात.

आरसे आपोआप मिटायची सोयही करून हवी होती मला. त्यांनी नको म्हणून सांगितलं. या गाडीच्या आरशात मिटायची मोटरच नाही, पूर्ण आरसे बदलावे लागतील, आणि बाजारात मिळणारे त्यांनी वापरून बघितलेत, वेगात थरथरतात. चांगले मिळाले तर फोन करतो म्हणालेत. गाडी सकाळी लवकर द्या आणि दिवस मोकळा ठेवा; एका दिवसात दोनच दारं होतात, चार दारांना दुसऱ्या दिवशीही सोडावी लागते.